पातळ खळ

वच्छलाला भ्यायला कारण लागत नाही, असं तिची सासू रुख्माबाई साऱ्या कोष्टीपुऱ्यात सांगत फिरायची. सासवा सुनांबद्दल सांगतात त्यातलं निम्मं खोटं असतं. हे पुरतंच खोटं होतं. वच्छलाच्या भीतीला कारण होतं आणि ते त्याच घरात, आतल्या खोलीत, खुंटीला टांगलेलं होतं. ते तिच्या नणंदेचं, पारबताचं, हिरवं लुगडं. पारबता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच खोलीत, त्याच खुंटीखाली गेली. पाठोपाठ तिचं लेकरूही गेलं. लेकीचं लुगडं रुख्माबाईला कोणाला देववेना, जाळवेना, म्हणून ते तिथंच लटकत राहिलं. आता वच्छलाला दिवस गेले होते, तिचं अंथरूण त्याच खोलीत पडायचं, आणि सकाळी डोळा उघडला की पहिलं दर्शन त्या लुगड्याचं.

तशी ती मुळात भित्री नव्हती. खाप्याची पोर, कन्हानच्या काठी वाढलेली. लहानपणी ती नदीच्या फुगलेल्या पाण्यात उडी टाकायची आणि तिची आई काठावर उभी राहून तिच्या नावानं बोटं मोडायची. बाप विणकर, सासरा विणकर, नवरा शालिकराम तोही विणकर. खाप्यातून नागपुरात आली तेव्हा तिला फक्त माग बदलल्यासारखं वाटलं. शालिकराम स्वभावानं देवमाणूस, पण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की त्याच्यासाठी बाहेरचं जग मेलं. घर पेटलं असतं तरी हातातला धोटा सुतातून पलीकडे धाडूनच त्यानं मान वर केली असती.

बायकांच्या वाट्याला धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरणं आणि पांजणी. पांजणी म्हणजे ताण्याचं सूत लांब ताणून त्याला खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचं आणि वाळवायचं. खळ म्हणजे दुसरं काही नाही, ज्वारीच्या पिठाची शिजवलेली लापशी. ती प्यालेलं सूत ताठ होतं, मागाची ओढाताण सोसतं. खळ कमी पडली की सूत तटातट तुटतं आणि विणकर तोंडानं जे बोलतो ते इथं लिहिण्यासारखं नसतं.

घरात महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला होता. मांसमच्छी सोडाच, अंड्याचं नावसुद्धा उंबऱ्याच्या आत निघत नसे. त्याचं वच्छलाला काही नव्हतं. माहेरीही तेच होतं, आणि तिथं ती अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर हाणून दांडगी झाली होती. पण उपदेशानं जे खायला मोकळं ठेवलं होतं त्याला रुख्माबाईनं कात्री लावली. पालेभाजी वातूळ. गूळ आणि तीळ उष्ण. चणे, शेंगदाणे जड. ताकानं पोटातल्या लेकराला सर्दी. असं एकेक करत शेवटी उरलं ते अर्धी भाकर आणि वाटीभर पातळ वरण. तेही सगळ्यांची पानं उठल्यावर, कारण सून शेवटी जेवायची हा रिवाजच होता.

"लेकरू लहान राह्यलं म्हंजे बाई सुखानं मोकळी होते," रुख्माबाई म्हणायची. "माह्या पारबताचं लेकरू मोठं होतं, म्हनून अडलं. सुईनीनं सांगतलं मले. तुह्यं मी मोठं होऊ देत नाई."

रुख्माबाई दुष्ट होती असं कोणी समजू नये. दुष्ट सासू एक वेळ परवडते, तिच्याशी भांडता येतं. ही भ्यालेली होती. भाकरीचा अर्धा तुकडा सुनेच्या ताटात टाकायची, आणि उरलेला अर्धा शिंक्यात ठेवून ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. अशा माणसाला काय बोलणार?

पाचव्या महिन्यात वच्छलाला दम लागू लागला. ओसरीच्या दोन पायऱ्या चढली की छातीत धडधड. पांजणी करताना ताण्याचे दोरे डोळ्यांसमोर एकदम काळे पडत आणि ती खांबाला धरून उभी राही. पावलं सुजली. एकदा कांडी भरताना तिचं लक्ष स्वतःच्या नखांकडे गेलं. नखं पांढरी होती, खळ वाळल्यासारखी. अशी नखं तिनं याआधी एकदाच पाहिली होती, पारबताची.

आणि याच सुमारास तिला खळ खावीशी वाटू लागली.

कोणाला सांगणार? सांगायची सोयच नव्हती. चुलीवर खळ शिजू लागली की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. आधी बोट चाटलं. मग पळीभर. मग ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठू लागली आणि ओसरीच्या कोपऱ्यातल्या मडक्यातली आदल्या दिवशीची थंड, घट्ट खळ ओंजळीनं खाऊ लागली. खाऊन झालं की मडक्यात तेवढंच पाणी ओतायचं, हलवायचं, झाकण ठेवायचं, आणि भिंतीला टेकून रडायचं.

रडायचं अशासाठी की पारबताही हेच करायची. वच्छला तेव्हा नवी नवरी होती. दोघी नणंदा-भावजया पांजणीला बसलेल्या असताना पारबतानं हसत हसत बोटं चाटली होती आणि म्हणाली होती, "चाखून पाह्य वं, गोड लागते. पन मायले सांगशीन त तुले माह्या गळ्याची आन." वच्छलानं सांगितलं नाही. महिनाभरात पारबता गेली. तेव्हापासून वच्छलाच्या मनानं घेतलं होतं की पारबता खळ खाऊन मेली. आता तीच खळ आपल्याला बोलावते आहे, आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही. रोज पहाटे ती ठरवायची की आज हात लावायचा नाही, आणि रोज पहाटे तिचा हात मनगटापर्यंत मडक्यात असायचा.

श्रावण लागला. आणि मागावरचं सूत तुटू लागलं.

पहिल्या दिवशी शालिकरामानं दमट हवेला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सूत विकणाऱ्या व्यापाऱ्याला. तिसऱ्या दिवशी तो चक्क खड्ड्यातून वर आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. हातात तुटलेले दोरे घेऊन तो आईसमोर उभा राहिला.

"माय, खळ पातळ करून राहिली काय तू? या सुतात जीवच नाई."

"मी काहून पातळ करीन गा? जनम गेला माह्या खळ शिजवन्यात!" रुख्माबाई मडक्याजवळ गेली, झाकण काढलं, बोट बुडवलं, आणि कपाळाला आठी घातली. खळ खरंच पाणी झाली होती. "बुरशी लागली असन. नाई त उंदीर तोंड घालत असन. राह्य, करतो मी बंदोबस्त."

वच्छला दारामागं उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, बंदोबस्त म्हणजे मडक्यावर दगड ठेवतील. दगड तिला उचलता आला असता. पण कोष्ट्याच्या घरात पावसाळ्याचा बंदोबस्त दुसरा असतो. फळीवर मोरचुदाची पुडी असते, निळ्या खड्यांची. त्यातली चिमूट कुटून खळीत टाकली की बुरशी येत नाही आणि उंदीर फिरकत नाहीत. रुख्माबाईनं उंदरांवरचा राग काढायचा म्हणून चिमटीऐवजी चांगली मूठ टाकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओसरीवर नीट दिसतही नव्हतं. वच्छलानं ओंजळ तोंडात घातली. चव वेगळी लागली, तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या ताकासारखी. तरी तिनं गिळली. भूक चव विचारत बसत नाही. दुसरी ओंजळ उचलली तोच पोटात पीळ पडला, असा की ती तिथंच गुडघ्यांवर आली. अंगणात जाईपर्यंतही धीर निघाला नाही. ओसरीवरच उलटी झाली. तोवर उजाडू लागलं होतं आणि त्या उजेडात तिला दिसलं की आपण निळं-हिरवं ओकलो आहोत.

आवाजानं रुख्माबाई धावत आली. तिनं उलटी पाहिली, मडक्याचं बाजूला पडलेलं झाकण पाहिलं, सुनेच्या हनुवटीला लागलेली खळ पाहिली.

"खळ खाल्ली काय वं तू?" ती किंचाळली. "मोरचूद होतं थ्यात! मी घातलं होतं! माह्या हातानं घातलं!"

 वच्छलाच्या मनात एकच गोष्ट आली, की आता झालं. दोन्ही हात पोटावर घट्ट धरून ती आतल्या खोलीच्या दाराकडे पाहू लागली. तिथून ते हिरवं लुगडं दिसत होतं. आपल्याला आता त्याच्याखाली नेऊन निजवतील, असं तिला वाटलं, आणि तिनं ओसरीचा खांब कवटाळला. "आत नका नेऊ," एवढंच ती म्हणत राहिली, "मले आत नका नेऊ."

आत नेलं नाही. शालिकराम अनवाणी धावत जाऊन टांगा घेऊन आला. त्या घरातलं माणूस दवाखान्यात जाण्याची ही पहिलीच वेळ. दवाखान्यात गेलेली बाई फाडल्याशिवाय परत येत नाही, असं रुख्माबाईचं मत होतं आणि इतवारीतून टांगा जाईपर्यंत ते तिनं चारदा सांगितलं. मग ती फक्त देवाचं नाव पुटपुटत राहिली. वच्छला तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. प्रत्येक खड्ड्याला तिला वाटायचं, आता पोटातलं थांबलं. आणि प्रत्येक वेळी जरा वेळानं आत काहीतरी हलायचं.

बायकांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं मध्यम, आवाजानं खणखणीत. त्यांनी आधी वच्छलाला पेलाभर दूध पाजलं, पुन्हा ओकवलं, पुन्हा पाजलं. कितीतरी महिन्यांत वच्छलाच्या पोटात एवढं दूध एका दमात गेलं नव्हतं. मग बाईंनी पोटावर नळी लावून कान दिला. 

"आहे," बाई म्हणाल्या. "ठोके आहेत. विष बहुतेक सगळं उलटून पडलं. त्याची मला फार काळजी नाही." त्यांनी वच्छलाची खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि रुख्माबाईला जवळ बोलावलं. "काळजी आहे ती याची. इथं लाल दिसायला हवं. काय दिसतंय?"

रुख्माबाईनं वाकून पाहिलं. पापणी आतून कागदासारखी पांढरी होती.

"हिच्या अंगात रक्तच नाही. अशा बाईचं बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी ती हातची जाते. कलेजीचा रस्सा चालेल का तुमच्याकडे?"

"नाई बाई, आमच्या घरी उपदेश हाय."

"बरं. मग काय खाते ही? रोज काय देता ते सांगा."

रुख्माबाईनं सांगितलं. अर्धी भाकर, पातळ वरण. डॉक्टरीणबाई पुढचं ऐकायला थांबल्या. पुढचं काही नव्हतंच.

"एवढंच? का?"

"लेकरू मोठं होऊ नोये म्हनून. माह्या लेकीचं लेकरू लय मोठं होतं, बाई. म्हनून गेली थे."

"किती मोठं होतं?" बाईंनी सहज विचारलं.

रुख्माबाईनं दाखवायला दोन्ही हात पसरले. चांगले हातभर पसरले. मग ती थांबली. त्या लेकराला तिनंच आंघोळ घातली होती, तिनंच फडक्यात गुंडाळून नेलं होतं. तोंड सुईणीचं ऐकून बोलत होतं, पण हातांना ठाऊक होतं. हात जवळ येऊ लागले. आणखी जवळ आले. शेवटी ती आपल्याच जुळलेल्या ओंजळीकडे बघत उभी राहिली. ओंजळ काठोकाठसुद्धा भरली नव्हती तेव्हा.

"आनि रक्त?" बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, या वेळी त्यांच्याही नकळत तिच्याच बोलीत.

"थांबलंच नाई," रुख्माबाई म्हणाली.

वच्छला खाटेवरून हे सगळं पाहत होती. तिला वाटलं, आता बोललं नाही तर आपणही ते पोटात घेऊनच जाऊ. "आत्याबाई," ती म्हणाली, "पारबताबाई बी खळ खायच्या. मी पाह्यलं होतं. त्यांईनं आन घातली म्हनून सांगतलं नाई."

रुख्माबाई तिच्याकडे वळली. रागावेल म्हणून वच्छलानं डोळे मिटले.  पण सासूचा आवाज आला तो अगदी बारीक. "त्या साली बी सूत तुटत होतं वं. मी उंदरालेच शिव्या देऊन राहिली होती."

डॉक्टरीणबाईंनी व्याख्यान दिलं नाही. लोहाच्या काळ्या औषधाची बाटली दिली आणि सांगितलं, "तुमच्या उपदेशात बसतं तेच द्या, पण पोटभर द्या आणि रोज द्या. अंबाडी, चवळी, तरोटा, मिळेल तो पाला लोखंडी कढईत करा, वर लिंबू पिळा. मोड आणलेले मूग, चणे-गूळ, शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी. ताक सोडू नका, दूध मिळेल तितकं. जेवणावर लगेच चहा नको. आणि बाळंतपण इथं, घरी नाही." मग म्हणाल्या, "उशीर झालाय. किती भरून निघेल, मी सांगू शकत नाही."

ते शेवटचं वाक्य तिघांनीही घरी नेलं.

घरी येताच रुख्माबाईनं आधी ते मडकं गल्लीत नेऊन फोडलं. मग आतल्या खोलीतलं लुगडं काढून घडी घातली आणि पेटीत ठेवलं. मग माळ्यावरची लोखंडी कढई घासायला घेतली, अशी की शेजारणी विचारायला आल्या, काय झालं म्हणून. संध्याकाळी तिनं पाट मांडला आणि वच्छलाला म्हणाली, "बस. पह्यले तू."

वच्छलाला घास जाईना. भीती एका टांग्यात बसून गेली आणि परत आलीच नाही, असं होत नाही. इतके महिने तिच्या कानांवर ओतलं होतं की खाल्लं की लेकरू वाढतं आणि वाढलं की अडतं. आता प्रत्येक घासाला तिला वाटायचं, लेकरू आत फुगतंय. रुख्माबाईलाही तेच वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसायचं. पण ती ताटासमोर मांडी ठोकून बसायची आणि हलायची नाही. "खा," म्हणायची. "मले बी भेव वाटते. तू खा."

सकाळी सकाळी ती नागनदीच्या काठानं तरोट्याचा कोवळा पाला खुडून आणायची. शालिकराम इतवारीतून गूळ-फुटाणे आणायचा आणि गुपचूप बायकोच्या कांड्यांच्या टोपलीत ठेवायचा. आईदेखत बायकोच्या हातात द्यायची लाज वाटायची बिचाऱ्याला. काळ्या औषधानं वच्छलाचे दात काळे पडले. गल्लीतल्या बायका तिनं मिशेरी लावल्याचं समजल्या आणि चिडवू लागल्या. एकदा ती हसलीसुद्धा.

दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी चुलीवर खळ शिजत होती आणि वच्छला शेजारीच बसून मूग निवडत होती. बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की तोंडाला पाणी सुटलेलं नाही. तिनं मुद्दाम वाकून वास घेतला. खळीचा वास होता, बस्स. तिनं नखं पाहिली. गुलाबी म्हणावीत अशी नव्हती, पण पांढरीही नव्हती. मागाच्या खोलीतून धोट्याचा आवाज येत होता, न तुटता.

कळा लागल्या तेव्हा नागपूरची थंडी ऐन भरात होती. पुन्हा टांगा, पुन्हा तोच रस्ता. या वेळी रुख्माबाई वाटभर एक अक्षर बोलली नाही आणि वच्छलाला तेच जास्त भयंकर वाटलं. आत नेताना सासू तिचा हात सोडेना म्हणून आयाला बोटं सोडवावी लागली. नंतरचं वच्छलाला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. डॉक्टरीणबाईंचा खणखणीत आवाज. "रक्त जास्त जातंय, पोट चोळ, चोळत राहा." स्वतःला वाटलेली ती थंडी. भिंतींवर कुठं खुंटी, लुगडं तर नाही ना, हे शोधत फिरणारे आपले डोळे. आणि मग बाईंचं वाक्य, "थांबलं."

बाहेर आयानं लेकरू आणून रुख्माबाईच्या पुढ्यात धरलं. मुलगी होती. रुख्माबाईनं आपोआप ओंजळ पुढं केली आणि त्यात ते लेकरू मावलं नाही. डोकं एकीकडून गेलं, पाय दुसरीकडून बाहेर आले. तिला हात फाकवावे लागले, मग कोपरापर्यंत घ्यावं लागलं, तेव्हा कुठं ते तिच्या हातांवर नीट विसावलं आणि जोरात ओरडलं. रुख्माबाई खाली फरशीवरच बसली आणि पारबताचं नाव घेऊन रडली, इतकी की आयाला वाटलं मुलगी झाली म्हणून रडतेय, आणि तिनं तिला चांगलं झापलं.

मग रुख्माबाईला आत वच्छलापाशी सोडलं. तिनं सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू काही खाल्लं काय वं?"

पुढं बऱ्याच वर्षांनी वच्छलाबाई स्वतःच सासू झाल्या, अंगानं सुटल्या, जिभेनं तिखट झाल्या. कोष्टीपुऱ्यात कोणाच्या मागावर सूत तुटू लागलं की घरधनी हवेला, व्यापाऱ्याला, उंदरांना शिव्या देत बसायचा. वच्छलाबाई मात्र पदराखाली अंबाडीच्या भाजीचं कटोरं झाकून त्या घरी जायच्या. मागाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. सरळ आतल्या खोलीत जाऊन आधी सुनेची नखं पाहायच्या.